टेंडर भरताना

दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि विसापूर, नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव ही गावे आगगाडीला जोडली गेली. पुढची शंभरेक वर्षे या मार्गावर वाफेची इंजिने धावली. त्यांना पाण्याप्रमाणेच कोळसाही लागे. तो इंजिनामागच्या टेंडरमध्ये भरत.

पाणी भरणे सोपे. उंच टाकीतून आलेल्या नळाची सोंड फिरवली की झाले. कोळशाचे तसे नाही. डब्ल्यूजी जातीच्या मालगाडी-इंजिनाच्या टेंडरमध्ये सुमारे 18 टन कोळसा मावे. वीस किलोची एक पाटी धरली, तर नऊशे पाट्या! भारतात अनेक ठिकाणी हे काम डोक्यावरूनच चाले. रुळालगत टेंडरच्या उंचीचा धक्का बांधत. मजूर उतारावरून वर चढून पाटी टेंडरमध्ये रिकामी करीत. मोठी ढेकळे हातोड्याने फोडावी लागत, धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडत. मोठ्या शेडमध्ये वाफेची यारी असे. तिचा लोखंडी जबडा ढिगातून कोळसा उचलून थेट टेंडरवर उघडे. अमेरिकेत तर काँक्रीटचे उंच मनोरे होते. पट्ट्याने किंवा बादल्यांच्या साखळीने कोळसा वर नेत आणि झडप उघडताच तो घसरगुंडीवरून खाली येई. मजुरी स्वस्त असलेल्या देशात असा खर्च कोण करणार?

टेंडरचा तळ पुढे उतरता असे, त्यामुळे कोळसा आपोआप फायरमनच्या फावड्यापाशी सरके. मागे अडकलेला मात्र त्याला आत शिरून ओढावा लागे.