क्लच : जुन्या क्रीडामोटारीच्या दंतचक्रपेटी बदलातील निवड

एंजिनाची फिरती शक्ती दंतचक्रपेटीकडे, म्हणजे व्यवहारातील गिअरबॉक्सकडे, नेणाऱ्या आणि चालकाच्या इच्छेनुसार तिच्यापासून तोडणाऱ्या घर्षणयुक्त जोडणीस क्लच म्हणतात. जुन्या क्रीडामोटारीतील चार गतींची मूळ पेटी काढून तेथे पाच गतींची पेटी बसविण्याची प्रथा गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. अशा बदलात एंजिन एका कारखान्याचे व पेटी दुसऱ्याची असते आणि मधल्या क्लचला दोघांशीही जुळवून घ्यावे लागते.

एकपट्टी कोरड्या क्लचमध्ये एंजिनाच्या भुजादंडाला जोडलेले प्रचक्र (फ्लायव्हील), त्याच्या तोंडावर टेकणारी घर्षण-अस्तराची तबकडी (क्लच प्लेट) आणि तिला दाबून धरणारे स्प्रिंगयुक्त आवरण (प्रेशर प्लेट) हे मुख्य भाग असतात. पायपट्टी दाबली की विमोचक धारवा (रिलीज बेअरिंग) आवरणाच्या पटल-स्प्रिंगेस रेटतो व तबकडी मोकळी होते. तबकडीचा बाह्यव्यास आणि आवरणाचे बोल्ट-वर्तुळ प्रचक्रावरून ठरतात, तर तबकडीच्या मधल्या तुंब्यातील खाचा पेटीच्या आदानदंडाशी जुळाव्या लागतात. म्हणून ‘या गाडीचा क्लच’ अशी एकच वस्तू मागून हे काम भागत नाही.

एम.जी.बी. (१९६२–८०) या ब्रिटिश क्रीडामोटारीचे उदाहरण बोधप्रद आहे. तिच्या १,७९८ घ. सेंमी. एंजिनावर सु. २०३ मिमी. (८ इंच) व्यासाची तबकडी असते. या मोटारीत पुष्कळदा फोर्डची ‘टाइप नाइन’ ही पाच गतींची पेटी बसवितात. ही पेटी १९८० नंतरच्या दशकात फोर्ड सिएरामध्ये वापरात होती. तिचा आदानदंड एक इंच व्यासाचा असून त्यावर २३ खाचा असतात. साहजिकच २०३ मिमी. व्यासाची, पण फोर्डच्या तुंब्याची तबकडी घ्यावी लागते आणि आवरण एम.जी.बी.चेच ठेवता येते. आदानदंडाचे टोक भुजादंडाच्या मागील भोकात ज्या छोट्या बुशावर टेकते, तो बुशही नव्या दंडाच्या मापाचा हवा. स्वस्त व सहज विसरला जाणारा हा भाग चुकला, तर पेटी बसते. पण तबकडी मध्यरेषेवर राहत नाही, क्लच पूर्ण सुटत नाही आणि दंतचक्रे कुरकुरू लागतात.

क्लचची क्षमता पुढीलप्रमाणे काढतात : घर्षणपृष्ठांची संख्या, घर्षणांक, दाबप्रेरणा आणि सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार म्हणजे क्लच वाहून नेऊ शकणारा पीळ. एम.जी.बी. एंजिनाचा कमाल पीळ सु. १४९ न्यूटन-मीटर आहे. सुरक्षिततेसाठी त्याच्या १.४ पट, म्हणजे सु. २१० न्यूटन-मीटर क्षमता धरली, घर्षणांक ०.३ व सरासरी त्रिज्या ८७.५ मिमी. मानली, तर दोन पृष्ठांच्या तबकडीसाठी सु. ४,००० न्यूटन दाब पुरतो. पेटी बदलल्याने एंजिनाचा पीळ वाढत नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. एंजिन मूळचेच असेल, तर क्लचही मूळच्याच क्षमतेचा पुरतो.

तरीही ‘जड’ क्लच घेण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. हा मोह महागात पडतो. पायपट्टी दाबताना विमोचक धारव्याचा सगळा रेटा भुजादंडावर अक्षाच्या दिशेने पडतो व तो पेलणाऱ्या पातळ रेटा-चकत्या झिजतात. ट्रायम्फच्या काही जुन्या एंजिनांत या चकत्या झिजून निखळल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. तसे झाल्यास ठोकळा व भुजादंड दोन्ही खराब होतात. जुन्या एंजिनाचा ठोकळा सहजासहजी मिळत नाही. पाच-दहा हजार रुपयांच्या क्लचपायी तो गमावणे शहाणपणाचे नव्हे.

विमोचनाच्या द्रवीय रचनेत पायपट्टीकडील व पेटीकडील दट्ट्यांच्या व्यासांचे प्रमाण पाहतात. पहिला १९ मिमी. व दुसरा २२ मिमी. असल्यास ३० मिमी. चालीतून सु. २२ मिमी. चाल मिळते.

महाराष्ट्रातही अशा जुळवणीचे उदाहरण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही मोटार तयार होत असे. तीच पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. तिचा गिअरदांडा सुकाणूच्या खांबावर होता. उत्पादनाच्या अखेरच्या काळात तिला निसान बनावटीची पेटी व तळातला दांडा देण्यात आला. कारखान्याने केलेल्या बदलात तबकडी, बुश आणि घंटाकृती आवरण यांचा मेळ आधीच घातलेला असतो. हौशी मालकाला तो स्वतः घालावा लागतो.

क्लचची खरी कसोटी चढावर लागते. धुळे–जळगाव मार्गावरील एरंडोलहून भडगाव, चाळीसगाव करीत कन्नडचा घाट चढणाऱ्या मोटारीचा विचार करावा. तापी खोऱ्यातील उन्हाळ्यात हवाच ४० से. च्या वर तापलेली असते. सपाटीवर १,१०० किग्रॅ. ची मोटार सेकंदाला ४ मी. वेगापर्यंत नेताना क्लचमध्ये सु. ८,८०० जूल उष्णता निर्माण होते. घाटात मालमोटारीमागे थांबत-निघत जाताना प्रत्येक निघण्यात गुरुत्वाकर्षणाची भर पडून ती वाढते. म्हणून पेटी निवडताना पहिल्या गतीचे गुणोत्तर पाहावे. १९६७ नंतरच्या एम.जी.बी.त ते सु. ३.४४, तर टाइप नाइनमध्ये ३.६५ आहे; त्यामुळे निघताना क्लच थोडा कमी घसरतो. गुणोत्तर कमी असलेली पेटी घेतल्यास उलट घडते आणि अस्तर जळाल्याचा वास पहिल्याच घाटात येतो. धातुमिश्रित शर्यती अस्तर उष्णता सोसते खरे, पण ते झटक्याने पकडते. गावातल्या गर्दीत त्याचा त्रासच होतो. जुन्या तबकडीच्या अस्तरात ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने तिची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

भारतात २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस ‘विंटेज’ नोंदणी मिळते. मात्र चौकट, सांगाडा वा एंजिन यांत ठळक बदल झालेला नसावा लागतो. त्यामुळे नवी पेटी बसविताना मूळ पत्रा न कापता, बोल्टने सुटतील असे आधार वापरणे आणि जुनी पेटी तिच्या क्लच-तबकडीसह जपून ठेवणे मालकाच्या हिताचे असते.