कितव्या डोळ्यात घड?

एका नातेवाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला काळ्या गोलात काहीतरी पांढुरकं-हिरवट दिसलं. खाली ओळ होती : ‘सहावा डोळा, दोन घड. धन्यवाद सर!’ शेजारी सरांचा हसरा फोटो, दुकानाचं नाव, दोन मोबाइल नंबर. द्राक्षाच्या काडीतला न जन्मलेला घड बघून कोणी कोणाचे जाहीर आभार मानतो, ही गंमत वाटली म्हणून मी पिंपळगाव बसवंतला गेले.

सप्टेंबर २०२५. हायवेवर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपची रांग. सरांचं दुकान पिकांच्या औषधांचं. पुढं काउंटर, मागं जेमतेम चटई मावेल एवढी खोली, तीत मायक्रोस्कोप आणि भिंतीला टीव्ही. गंधकाचा वास दारातच घशाला लागतो. बाकड्यावर शेतकरी बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर सुतळीनं बांधलेली काड्यांची जुडी.

ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घ्यायची इथली रीतच आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते आणि साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत तिच्या डोळ्यांत, म्हणजे पेरांवरच्या अंकुरांत, घड धरायचा की नाही हे ठरतं. त्या काळात ऊन हवं. ढगाळ राहिलं तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता ताणा, होते. कितव्या डोळ्यात घड आहे हे कळलं की कात्री कुठं लावायची ते कळतं. डोळा चुकला तर वर्ष गेलं.

खोलीत ब्लेड चालवणारी मुलगी बीएस्सी अ‍ॅग्री झालेली, चोविशीतली. मी सरांशी बोलायला गेले होते, पण नजर पुन्हा पुन्हा तिच्या बोटांकडे जायची. काडी डाव्या अंगठ्याखाली धरायची, डोळ्याची खवलं एकेक उलगडायची, टोकाला इवलासा काप. अंगठ्याच्या कडेला काळपट चिरा पडलेल्या. काप भिंगाखाली सरकवला की टीव्हीवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी उमटतं. तो घड. नुसतं एक बारीक टोक दिसलं की बाळी. ती मोठ्यानं सांगते, “पाचवा बाळी. सहावा घड. सातवा घड, पण बारीक.” शेतकरी वहीत लिहितो आणि टीव्हीचा फोटो काढतो.

सरांनी मला त्यांचा सगळा पसारा मोकळेपणानं दाखवला. गावांप्रमाणे ग्रुप, रोज सकाळी हवामानाचा निरोप, यूट्यूबवर ‘पोंगा अवस्थेतली फवारणी’, आठवड्याला प्लॉटवर चक्कर. दहाव्या-तेराव्यालाही जातो, म्हणाले. त्यात लपवाछपवी नव्हती. “नाव फोनवर फिरतं मॅडम, पण ते तयार होतं बांधावर. एक बाग गेली की चाळीस बागा जातात.” एका बागेमागं भावकी, शेजारचा बांध, दिंडोरीकडचे सोयरे. हिशोब त्यांनी बोटांवर करून दाखवला.

तपासणी मोफत. औषध मात्र याच काउंटरवर मिळतं. सल्ला देणारा आणि बाटली विकणारा एकच असावा, हे मला काही पचलं नाही. औषध चुकलं तर काय होतं, ते या पट्ट्यानं एकदा पाहिलंय. डोळ्यात घड भरावा म्हणून जे लिहोसिन नावाचं औषध सर्रास फवारलं जायचं, त्याचेच अंश २०१० मध्ये युरोपात सापडले आणि आपली द्राक्षं अडकली. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत काय मारायचं आणि कधी थांबायचं हे विचारायला माणूस लागतोच. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, बागायतदार संघाची चर्चासत्रं होतात. पण रात्री नऊला पानावर तेलकट डाग दिसला तर फोन लागतो तो सरांनाच. हेही खरं.

त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला होता. ऐन घड धरायच्या दिवसांत ऊन नाही. त्यामुळे खोलीतून येणारा आवाज बराचसा एकाच शब्दाचा होता : बाळी. बाळी. बाळी. सरांच्या स्टेटसवर मात्र त्या दिवशीही दोन घडांचाच फोटो चढला. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “वाईट बातमी ग्रुपवर टाकून कोणाचं भलं होतं?” थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, “चाळीस बागा.”

दुपारी निफाडकडचे एक अण्णा आले. चार काड्या तपासून झाल्या. ती मुलगी थांबली, पाचवी घेतली, सहावीही घेतली. मग खुर्ची वळवून म्हणाली, “अण्णा, सहाच्या खाली काही नाही. सात-आठवर थोडं आहे. काडी लांब ठेवा, आणि यंदा खर्च आवरून करा.” खर्च आवरून करा, हे वाक्य औषधाच्या दुकानात उच्चारलं गेलं. काउंटरवरची बिलाची खटखट क्षणभर थांबली, असं मला तरी वाटलं.

अण्णांनी फोटो काढला नाही. वही मिटली. मी विचारलं, इथंच का येता? ते म्हणाले, “मागल्या साली दुसरीकडं दाखवलं होतं. त्यांनी सगळ्या डोळ्यांत घड दाखवले. पंधरा दिवसांत बाग फुटली, मग गावानंच बघितलं. या पोरीनं भाच्याला पाचवा सांगितला आणि पाचवाच निघाला.”

दुकानाच्या फलकावर तिचं नाव नाही. ग्रुपवरचे आभार सरांना. पण बाकड्यावर बसलेले दोघं-तिघं आत डोकावून विचारत होते, “ताई आहे ना आज?” नसेल तर उद्या येतो, असंही एक जण म्हणाला आणि जुडी ओल्या फडक्यात गुंडाळायला लागला. ताई चहाला गेली होती.

निघताना अण्णा तिच्या दाराशी थांबले. “पुढल्या साली तू कुठं बसणार, तेवढं सांगून ठेव बाई.”

ती हसली. काउंटरवरून सरही हसले, पण जरा उशिरानं.