विसर्जनाची मिरवणूक आणि गस्तीचा हिशेब

अनंत चतुर्दशीच्या सायंकाळी लातूरच्या गंजगोलाईत ढोल-ताशांचा गजर घुमू लागला, की आपणा साऱ्यांची दृष्टी 'श्रीं'च्या मूर्तीवर खिळते. कडेला ताटकळत उभ्या असलेल्या पोलीस शिपायाकडे ती क्वचितच वळते. आज त्याच्या नेहमीच्या गस्तीवर कोण गेले असेल, हा विचार भाविकांनी एकदा करावा, असे आम्हांस वाटते.

गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. प्रत्येक तोंडाशी दोन शिपाई नेमावयाचे म्हटले, तरी एका पाळीस 32 माणसे लागतील. मिरवणूक लांबली, की दुसरी पाळी आली, म्हणजे 64.

नित्याच्या गस्तीचे गणित याहून फसवे आहे. दोघांची एक गस्त अहोरात्र चालवावयाची, तर आठ तासांच्या तीन पाळ्यांना सहा माणसे पुरतील, असे वाटते. परंतु साप्ताहिक सुट्टीचे 52 दिवस आणि रजा, आजारपण व प्रशिक्षण यांचे 45 दिवस धरले, तर एका माणसाचे वर्षातील कामाचे दिवस उरतात 268. म्हणजे सहांच्या जागी आठांहून अधिक हवेत. ते नसले, की कोणाची तरी सुट्टी बुडते, अथवा एखादी आळी रात्री गस्तीवाचून राहते.

शिवाय काही बळ राखूनही ठेवावे लागते. त्याचे कारण लातूरकरांस सांगावयास नको. 1993 साली विसर्जन आटोपून गावे झोपी गेली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार जीव गेले. संकट पाळी पाहून येत नाही.

मनुष्यबळ वाढविणे हे शासनाचे काम. परंतु त्याची गरज घटविणे आपल्या हाती आहे. 'एक गाव, एक गणपती' ठरला, तर अनेक मिरवणुकांच्या ठिकाणी एकच बंदोबस्त पुरतो. मिरवणूक वेळेवर निघून वेळेवर आटोपली आणि मंडळाच्या स्वयंसेवकांनी गर्दी आवरली, तर दुसऱ्या पाळीची माणसे रात्रीच्या गस्तीस मोकळी होतात. त्या शिपायांपैकी कित्येकांच्या घरीही 'श्री' विराजमान असतात. त्यांच्यावाचूनच तेथली आरती होते. विघ्नहर्त्याच्या सेवेत आपल्याकडून कोणाच्या घरी विघ्न येऊ नये, एवढीच या पुण्यदिनी आमची प्रार्थना.