पेला, चेंडू आणि जुने दोस्त

मुंबईहून निघालेल्या गाडीला कल्याणात दोन वाटा फुटतात. एक कसाऱ्यावरून नाशिककडे जाते, दुसरी कर्जतवरून पुण्याकडे. गंमत अशी की, पुणे काय किंवा नाशिकरोड काय, दोन्ही स्टेशने कल्याणपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, म्हणजे सुमारे 135 किलोमीटरवर आहेत! तेव्हा ज्या टोळक्यातला एक गडी पुण्याला, एक नाशिकला, एक दादरला स्थायिक झाला आणि चौथा कल्याण सोडून कोठे गेलाच नाही, त्या चौघांनी भेटावयाचे कोठे, याचा निकाल रेल्वेने कधीच लावून ठेवला आहे. 1854 साली रूळ येथवर पोचले, तेव्हा हा हिशेब कुणाच्या ध्यानीमनी नसेल. पण झाला खरा.

जागा ठरली, तरी निमित्त लागतेच. साठी उलटलेला पुरुष "तुझी आठवण आली म्हणून आलो" असे म्हणावयास मरणाचा लाजतो. त्यापेक्षा "कॉलेजच्या पोरांची मॅच आहे, येतोस का?" हे सोपे. आणि त्यामागून हलकेच, "नंतर जरा बसू." या 'बसू'चा अर्थ वाचकांना आम्ही सांगावयास नको!

बसण्याचे आधी उरकून घेऊ. 1950 च्या एप्रिलात मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि व्हिस्की ही परवान्याची वस्तू झाली. पुढे बंधने सैल झाली. पण 'परमिट रूम' ही पाटी अजून जागोजाग आहे, आणि मद्य पिणाऱ्याजवळ परवाना हवा, हे कलमही कायद्यात आहे. व्हिस्कीसाठी वयाची 25 वर्षे पुरी लागतात. आमच्या चौघांना ती अडचण नाही. त्यांची अडचण दुसऱ्या टोकाची. एकाच्या हृदयाला टाके पडले आहेत, दुसऱ्याच्या रक्तात साखर आहे. त्यातच जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली बजावले की, मद्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही. म्हणजे बाटली एक, माणसे चार आणि पिणारे जेमतेम दोन!

सामन्याचे मात्र तसे नाही. तो चौघांनाही चालतो.

बास्केटबॉल हा मुळी रिकामटेकड्या विद्यार्थ्यांसाठीच निघालेला खेळ. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, बर्फामुळे आत कोंडलेल्या तरुणांना गुंतवून ठेवण्यासाठी, व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. ती उंची आजतागायत बदललेली नाही. थंडीसाठी छपराखाली काढलेला खेळ आपल्याकडे आला तो बहुधा उघड्यावर, सिमेंटच्या मैदानात आणि रणरणत्या उन्हात! मुंबईत नागपाड्याने तो आपलासा केला. तेथलेच अब्बास मुंतसिर भारताचे कप्तान झाले आणि 1970 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

कल्याणात 1972 साली बिर्ला महाविद्यालय निघाले. त्यापूर्वी येथल्या बहुतेक पोरांना कॉलेज म्हणजे आधी रेल्वेचा पास. सकाळची गाडी, दुपारची लेक्चरे, संध्याकाळी मैदान, आणि परतीच्या गाडीत घामट बनियनांचा दरवळ. त्या पिढीने शिकलेला बास्केटबॉल आता पाहावयास बसले, म्हणजे पहिली दहा मिनिटे भांडणातच जातात. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असत. आता दहा-दहाचे चार. तेव्हा चेंडू हाती आला की तीस सेकंदांत रिंगकडे फेकावा लागे, आता चोवीसच. आणि लांबून मारलेल्या बास्केटचे तीन गुण! आंतरराष्ट्रीय नियमांत ते 1984 साली आले. "आमच्या वेळी ही रेघ असती, तर मी एकट्याने सामना काढला असता," असे नाशिककर म्हणतो. बाकीचे तिघे इतके हसतात की पुढल्या बाकावरची पोरे वळून पाहतात.

आता या चौघांतल्या दोघांची एक गोष्ट कल्पून पाहा. अशा गोष्टी घरोघर असतात. पुणेकराने दादरकराला कधी काळी जागेसाठी पैसे दिले. परत आले ते उशिरा आणि अपुरे. भांडण झाले नाही, एवढेच वाईट. झाले असते, तर मिटले असते. त्याऐवजी पंधरा वर्षांचा अबोला जमला. लग्नपत्रिका गेल्या, माणसे गेली नाहीत.

असे दोघे समोरासमोर बसवा, दोन पेले भरा आणि पाहा काय होते ते. दुसऱ्या पेल्याला गळ्यात गळे, तिसऱ्याला रडारड, आणि सकाळी दोघांनाही प्रश्न पडतो की, आपण नेमके काय कबूल केले? पेल्यावरची माफी बहुधा पेल्याबरोबरच उतरते. पण तेच दोघे मैदानाच्या कठड्यावर शेजारी शेजारी बसले, की एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. डोळे चेंडूवर असतात. मध्यंतराची शिट्टी होते, पोरे पाणी प्यावयास जातात, आणि रिकाम्या रिंगकडे पाहत एकजण म्हणतो, "त्या पैशांचं माझ्याकडून चुकलंच रे." दुसरा जरा वेळाने म्हणतो, "राहू दे. वहिनी कशा आहेत?" संपले! कोरड्या तोंडाने बोललेले हे शब्द सकाळीही शाबूत राहतात.

म्हणून आमची सूचना एवढीच की, मंडळींनी क्रम उलटा करू नये. आधी सामना, मग बैठक. ज्याचा पेला डॉक्टरने काढून घेतला आहे, त्याच्या हाती सोड्याचा ग्लास द्यावा आणि "एकानं काय होतंय" असा आग्रह मुळीच करू नये. तो आला आहे तो व्हिस्कीसाठी नव्हे. चखण्याला शेंगदाणे नि काकडी पुरे. आणि गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी. पुणेकराची वाट एकीकडे, नाशिककराची दुसरीकडे. या वयात पुढल्या वर्षीची खात्री चौघांपैकी कुणी द्यावी?

दिवाळीचे चार दिवस घरच्यांचे. पाचवा मोकळा असेल, तर ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याला फोन लावावा. काय बोलावे हे सुचत नसेल, तर मॅच केव्हा आहे तेवढे सांगावे.