जुनी गिटार : ‘मूळ’ आणि ‘अस्सल’

जुन्या वाद्यांच्या बाजारात ‘व्हिंटेज’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, त्या सहजतेने त्याचा अर्थ सांगता येत नाही. लॅटिनमधील ‘विन्देमिआ’, म्हणजे द्राक्षांची तोडणी, हे त्याचे उगमस्थान. फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर तो तोडणीवरून त्या वर्षीच्या पिकाकडे, पिकावरून नामांकित वर्षाच्या मद्याकडे आणि अखेरीस मोटारी, घड्याळे व वाद्ये यांच्याकडे सरकला. मराठीत ‘जुनी’ म्हटले तर नुसते वय कळते, ‘जुनाट’ म्हटले तर निंदा होते आणि ‘मुरलेली’ म्हटले तर लोणच्याची आठवण होते. तथापि या तिन्हींत ‘मुरलेली’ हाच शब्द जवळचा आहे. कारण काळाने वस्तूच्या अंगी घडवून आणलेला इष्ट बदल त्यात अभिप्रेत असतो. असा बदल गिटारीत खरोखर होतो काय, आणि होत असल्यास त्यासाठी किती मोल द्यावे, हा पोलादी तारांची जुनी अमेरिकन गिटार प्रथमच विकत घेणाऱ्यापुढील खरा प्रश्न होय.

सुदैवाने वाद्याच्या अंगांविषयी बोलण्यास आपल्याला परभाषेकडे फारसे जावे लागत नाही. सतारीची दांडी, खुंट्या, पडदे, घोडी व तबली हे शब्द गिटारीलाही चालतात. अडचण येते ती विक्रेत्याच्या ‘ओरिजिनल’ या विशेषणाशी. मराठीत त्याला दोन प्रतिशब्द आहेत, ‘मूळ’ आणि ‘अस्सल’. पहिला संस्कृतातून आला, दुसरा अरबी ‘अस्ल’पासून, आणि कौतुकाची गोष्ट अशी की, दोहोंचा आद्य अर्थ झाडाचे मूळ हाच आहे. पुढे मात्र त्यांच्या वाटा फुटल्या. ‘मूळ’ हा शब्द इतिहास सांगतो, ‘अस्सल’ हा गुण सांगतो. ‘मूळचा रंग’ म्हणजे प्रथम दिलेला रंग. ‘अस्सल रंग’ म्हणताच त्यात प्रशंसा आली. विक्रेता ‘ओरिजिनल’ म्हणतो तेव्हा तो बहुधा पहिल्या अर्थाने खरे बोलत असतो आणि ग्राहक दुसऱ्या अर्थाने ऐकत असतो.

एक उदाहरण घेऊ. गिब्सन कंपनीने १९६० नंतरच्या काही वर्षांत आपल्या कित्येक गिटारींना लाकडी घोडीऐवजी आतून पोकळ अशी प्लॅस्टिकची घोडी स्क्रूने बसविली. कालांतराने ती वाकते, आणि तारांचे कंपन तबलीपर्यंत पोहोचविण्याचे घोडीचे जे मुख्य कार्य, ते तिच्याकडून नीट होत नाही. अनेक जाणत्या कारागिरांनी ती काढून लाकडी घोडी बसविली. परिणाम असा की, प्लॅस्टिकची घोडी असलेली गिटार ‘मूळ’ स्थितीत आहे म्हणून महाग, आणि अधिक चांगली वाजणारी दुसरी ‘बदललेली’ म्हणून स्वस्त. संग्राहकाने पहिली घ्यावी. वादकाने दुसरी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत तारा व ग्रंथ घ्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. रोगणाचेही तेच. मूळ रोगण खरवडून नवे दिले की, किंमत सुमारे निम्म्यावर येते असा व्यापारातला ढोबळ हिशेब आहे. आवाज मात्र निम्मा होत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी वेळोवेळी पुन्हा काढावी लागते आणि त्यामुळे वाद्याचे अस्सलपण उणावले असे कोणी गवई मानीत नाही. वाद्य हे वापरात दुरुस्त होत जाणारे साधन आहे ही समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. जुन्या गिटारीच्या ग्राहकाने ती सोडू नये.

परीक्षणात सर्वांत महत्त्वाची बाब दांडीच्या कोनाची. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलो असतो. पन्नास-साठ वर्षे हा भार सोसताना पेटीचा आकार किंचित बदलतो, दांडी पुढे झुकते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. पडद्यांवर एक सरळ पट्टी ठेवून ती घोडीच्या दिशेने सरकवावी. ती घोडीच्या माथ्याला टेकली तर कोन ठीक. घोडीच्या अंगावर खाली आदळली तर दांडी वाफेने सोडवून, तिची टाच तासून पुन्हा बसविणे भाग आहे. हे काम कुशल कारागिराचे व खर्चाचे आहे. पूर्वीच्या काही दुरुस्तीवाल्यांनी ते टाळण्यासाठी घोडीच तासून पातळ केलेली आढळते. तेव्हा घोडी अस्वाभाविक पातळ दिसली की आतली गोष्ट ओळखावी. घोडीमागे तबलीला आलेला हलका फुगवटा मात्र तारांच्या ओढीचे स्वाभाविक चिन्ह आहे, त्याला भिऊ नये. आतून पट्ट्या लावून नीट बुजविलेली चीरही भयंकर नव्हे. पेटीवर बोटाने टकटक करता खुळखुळाट ऐकू आला तर आतील आधारपट्ट्या सुटल्या आहेत असे समजावे.

काळनिश्चितीबाबत मार्टिन कंपनीची वाद्ये सोयीची आहेत. ही कंपनी १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली व काही वर्षांनी पेन्सिल्व्हेनियातील नाझरेथ येथे गेली. १८९८ पासून ती प्रत्येक गिटारीच्या आत दांडीच्या ठोकळ्यावर अनुक्रमांक उमटवीत आली आहे आणि त्यावरून वर्ष कळते. गिब्सनच्या क्रमांकांवर, विशेषतः १९६० च्या दशकातील, इतका विश्वास ठेवता येत नाही. एकच क्रमांक अनेक वाद्यांवर सापडतो. तेथे पाठभेदांवरून पोथीचा काळ ठरवितात तसे अवयवांवरून अनुमान करावे लागते.

आता लाकडाविषयी. बाजारात ‘ब्राझिलियन रोजवुड’ या दोन शब्दांना जेवढी किंमत आहे तेवढी क्वचितच कशाला असेल. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर मार्टिनने १९६९ च्या सुमारास त्याऐवजी भारतीय रोजवुड वापरण्यास आरंभ केला. हे भारतीय रोजवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव. ज्या शिसवी कपाटाचा आपण अभिमान बाळगतो, तेच लाकूड गिटारीच्या बाजारात दुय्यम ठरले! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगात, केवळ पाठ व बाजू यांच्या लाकडात भेद असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांनी लाकूड न दिसता वाजविल्या. त्यांत ब्राझिलियन रोजवुड, शिसव व महोगनी ही तिन्ही लाकडे होती. वादकांनी दिलेल्या गुणांत लक्षणीय फरक जवळजवळ आढळला नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेला व्हायोलिनचा प्रयोगही असाच होता. त्यात २१ वादकांनी डोळ्यांआड ठेवलेली जुनी इटालियन व नवी व्हायोलिने पारखली. सर्वांत आवडलेले वाद्य नवे निघाले, आणि सर्वांत नावडते एक स्ट्रॅडिव्हॅरियस!

यावरून जुने वाद्य घेणे व्यर्थ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९४४ च्या अखेरीपर्यंत मार्टिनच्या आधारपट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत, तबलीला मोकळेपणी कंप पावता येई. हा बांधणीतला फरक आहे, वयाचा नव्हे. वयोमानाने लाकडाच्या काही घटकांचे विघटन होऊन ते किंचित हलके होते हेही खरे. परंतु लाकडाच्या नावासाठी तिप्पट पैसे मोजणारा मनुष्य शब्द विकत घेतो, नाद नव्हे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. शिवाय ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्वाधिक संरक्षित वर्गात आहे; ते असलेले वाद्य परवान्यावाचून देशाच्या सीमेपार नेता येत नाही. आणि येथे एक मेख आहे : १९५० च्या दशकातील महोगनीच्या मार्टिन गिटारींचीही घोडी व पडद्यांची पट्टी याच लाकडाची असते. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने गिटार घेऊन मायदेशी परतण्यापूर्वी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

पहिली खरेदी कोणती असावी? युद्धपूर्व ‘डी-४५’ १९३३ ते १९४२ या काळात अवघ्या ९१ झाल्या. त्या संग्रहालयांना आणि धनिकांना सोडून द्याव्यात. १९५०-६० च्या दशकांतील लहान पेटीच्या महोगनी गिटारी, म्हणजे मार्टिनची ‘००-१८’ किंवा गिब्सनची ‘एलजी-२’, वसतिगृहाच्या खोलीत वाजविण्यास अधिक योग्य. त्याहून हात आखडता असेल तर शिकागोच्या हार्मनी कंपनीची ‘सॉव्हरिन’ पाहावी. अस्सल लाकडाची ही गिटार नावाअभावी स्वस्त मिळते. दांडीचा कोन तेवढा आधी पाहावा, कारण तो दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या किमतीच्या बरोबरीस येऊ शकतो.

घेतल्यावर ती वाजवावी. जुन्या वाद्यावर बारीक तारा चढवाव्यात आणि वाटल्यास अर्धा स्वर उतरवून लावाव्यात. ताण कमी होतो आणि गाणाऱ्याच्या गळ्यालाही ते बरे पडते. लहान महोगनी पेटीचा नाद चटकन उमटतो व चटकन विरतो, म्हणून बोटांनी सुटे स्वर वाजविण्यात तिची खरी गोडी आहे. जोराने झोडपल्यास ती कंटाळल्यासारखी बोलते. पेटी सरसाने जोडलेली असते आणि सरस उष्णतेने मऊ होतो, यास्तव उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती कदापि ठेवू नये. अमेरिकेतील हिवाळ्यात खोल्या तापविल्याने लाकूड वाळून चिरते. मुंबईत व कोकणात संकट उलट दिशेने येते. पावसाळ्यात तबली फुगते, तारा उंचावतात आणि दांडीचा कोन बिघडल्याचा भास होतो. पेटी बंद ठेवून तीत आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि कारागिराकडे जायचेच असेल तर दिवाळीनंतर जावे.