चलनात नसलेलं सोनं

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. धातूचा गोल तुकडा हाती आला की आधी त्याची किंमत मनात उमटते. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी काही वर्षं होतो. सराफ कसोटीवर घासून कस सांगायचा, वजन व्हायचं. दागिना कुणाच्या आजीचा होता, याला आमच्या वहीत रकाना नव्हता. निवृत्तीनंतर मुलीकडे बोस्टनला गेलो, तिथं जुन्या अमेरिकन पदकांची ओळख झाली आणि ही खोड थोडी सैल पडली.

पदक म्हणजे नाणं नव्हे. नाण्यामागे सरकारची हमी असते. पदकावर किंमत लिहिलेली नसते, त्यानं भाजी येत नाही. ते कुणाच्या तरी स्मरणासाठी पाडलेलं असतं, एवढंच.

१७ मार्च १७७६ रोजी इंग्रजांनी बोस्टन सोडलं आणि आठच दिवसांत, २५ मार्चला, काँग्रेसनं वॉशिंग्टनला सुवर्णपदक मंजूर केलं. (ही काँग्रेस त्यांची, आपली नव्हे.) ठराव झाला खरा, पण देशात टांकसाळच नव्हती, ती स्थापन झाली १७९२ साली. म्हणून काम गेलं पॅरिसला. तिथं दुव्हिव्हिए यानं ठसे कोरले, राजदूत असलेल्या जेफर्सननं पाठपुरावा केला, आणि पदक वॉशिंग्टनच्या हाती पडलं १७९० साली. मंजुरी आणि अदायगी यांत चौदा वर्षं! पुढे १८७६ साली बोस्टनच्या नागरिकांनी ते वॉशिंग्टनच्या वारसांकडून विकत घेतलं आणि शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिलं.

मला मात्र यांतलं सर्वांत देखणं वाटतं ते फ्रँकलिनच्या कल्पनेतून निघालेलं ‘लिबर्टास अमेरिकाना’. पॅरिसच्याच द्युप्रेनं कोरलेलं हे पदक १७८३ साली तयार झालं. एका बाजूला वाऱ्यावर केस मोकळे सोडलेली स्वातंत्र्यदेवी, खांद्यामागे काठीवर अडकवलेली टोपी. दुसऱ्या बाजूला तान्हा हर्क्युलिस दोन्ही मुठींत दोन साप आवळतो आहे. आपल्याला बाळकृष्ण आठवावा असंच ते चित्र आहे. हे साप म्हणजे साराटोगा आणि यॉर्कटाऊन इथं शरण आलेल्या दोन इंग्रज फौजा. बाळावर झेपावणारा सिंह इंग्लंडचा. त्याला ढालीनं अडवणारी मिनर्व्हा म्हणजे फ्रान्स. अख्खं युद्ध तळहातात मावतं. १७९३ साली अमेरिकेनं पाडलेल्या अर्ध्या सेंटवरचा चेहरा याच देवीवरून बेतलेला आहे.

सोन्यातल्या दोन प्रती फ्रान्सच्या राजाराणीला दिल्या होत्या. त्या दोन्ही नाहीशा झाल्या. फ्रँकलिननं वाटलेल्या चांदीच्या आणि तांब्याच्या प्रती मात्र अजून विक्रीला येतात. तांबं वितळवून कुणाला काय मिळणार? म्हणून ते टिकतं.

संग्राहकाच्या वाट्याला येतं ते बहुधा तांबंच, आणि त्यातही पारख लागते. पॅरिसची टांकसाळ जुन्या पदकांच्या प्रती पुढेही पाडत राहिली. एकोणिसाव्या शतकात तिनं अशा प्रतींच्या कडेवर बारीक खूण ठोकायला सुरुवात केली. १८६० नंतरच्या प्रतींवर मधमाशी, १८८० नंतर फळाफुलांनी भरलेलं शिंग. त्यामुळे जाणकार माणूस पदक हाती घेतल्यावर चेहरा नंतर पाहतो, आधी कड पाहतो. कड कोरी असली तरी लगेच हुरळून जायचं नाही. भिंग काढून ठशाला गेलेले तडे बघायचे. माझ्याकडे मोजके पाच-सहा नग आहेत, सगळे नंतर पाडलेले. खिशाला तेवढंच झेपलं.

बँकवाल्याच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट जनरल डॅनियल मॉर्गनच्या पदकाची आहे. १७८१ च्या काउपेन्सच्या विजयासाठी त्याला मिळालेलं सुवर्णपदक नातवाकडे आलं आणि १८१८ साली पिट्सबर्गच्या एका बँकेवर पडलेल्या दरोड्यात गेलं ते गेलंच. काँग्रेसनं १८३६ साली बदली पदकाचा ठराव केला, पॅरिसहून नवे ठसे करवून घेतले आणि १८३९ साली फिलाडेल्फियाला दुसरं पदक पाडलं. हे बदली पदक २०२२ साली लिलावात ९ लाख ६० हजार डॉलरला गेलं. त्यातल्या सोन्याचं मोल या रकमेपुढे किरकोळच.

पण एका पदकाला लिलावाचा भाव लावणंच चूक, असं मला वाटतं. रेड जॅकेट हा सेनेका या मूलनिवासी लोकांचा नामांकित वक्ता आणि पुढारी. १७९२ साली वॉशिंग्टननं त्याला चांदीचं मोठं लंबगोल पदक दिलं. त्यावर वॉशिंग्टन आणि मूलनिवासी पुढारी शांततेची चिलीम देताघेताना कोरले आहेत. १८३० साली मरेपर्यंत रेड जॅकेट ते अभिमानानं मिरवत होता. पुढे ते एली पार्करकडे आलं. पार्करही सेनेकाच, यादवी युद्धात जनरल ग्रँटचा सहायक. दक्षिणेच्या सेनापतीच्या शरणागतीच्या अटी त्याच्या हस्ताक्षरात आहेत. १८९५ साली तो गेला आणि पदक बफेलोच्या इतिहास संग्रहालयात पोचलं. संग्रहालयानं ते नीट सांभाळलं, यात शंका नाही. पण सेनेकांचं म्हणणं असं की हे एका माणसाला दिलेलं बक्षीस नव्हतं. दोन राष्ट्रांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाची ती खूण होती, आणि ती विकण्याचा अधिकार कुणा एकट्याला नव्हता.

तारणाचा खरा मालक कोण, हे आम्ही कर्ज देण्यापूर्वी विचारत असू. इथं तो प्रश्न सव्वाशे वर्षांनी विचारला गेला. १९९० साली झालेल्या कायद्याच्या आधारे सेनेकांनी पदक मागितलं. २०२१ साली संग्रहालयानं ते परत केलं, आणि सेनेकांनी ते सॅलमँका गावच्या आपल्या संग्रहालयात नेलं.