रायगड नॉर्वेच्या वर कसा पोचला?

स्टोरीमॅप, म्हणजे नकाशावर उलगडत जाणारी गोष्ट, बिघडला की आधी आकडे तपासा. रायगड किल्ल्याचे अक्षांश १८.२३, रेखांश ७३.४४. यांची अदलाबदल झाली की किल्ला थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात जाऊन बसतो. चूक सहज होते, कारण लीफलेट ही नकाशांची लायब्ररी अक्षांश आधी मागते, तर जिओजेसन फाइलमध्ये रेखांश आधी लिहितात. दोन्ही एकाच पानावर वापरणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवावे.

बिंदू जागेवर आहे, पण मागे नुसता राखाडी पट्टा? लपलेल्या टॅबमध्ये नकाशा तयार झाला की लीफलेटला चौकटीचे खरे माप कळत नाही; टॅब उघडल्यावर ‘इनव्हॅलिडेटसाइझ’ हे फंक्शन चालवावे लागते. नकाशा अजिबातच दिसत नसेल, तर बहुधा सीएसएसमध्ये उंची द्यायची राहिलेली असते. जुन्या स्टोरीमॅपचे दुखणे वेगळे. स्टेमेनच्या टोनर, वॉटरकलर या देखण्या टाइल्सचा (नकाशाच्या पार्श्वभूमीच्या चित्रतुकड्यांचा) जुना पत्ता ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाला. त्या आता स्टेडिया मॅप्सकडे आहेत, तेव्हा नवा पत्ता घालावा लागतो.

रंग, खुणा बेलाशक बदला. माउसच्या चाकाने होणारा झूम मात्र बंदच ठेवा. वाचक मजकूर खाली सरकवू पाहतो आणि नकाशा त्याला कोकणातून उचलून अख्ख्या आशियावर नेतो, याहून मोठा वैताग नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयोल्लेख कोपऱ्यात कितीही खटकला तरी काढू नका. ती परवान्याची अट आहे.